वझेबाईंची जांभळी रेघ

आईवडिलांच्या नंतर मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन तर डॉ. निर्मला वझे यांचा. सांगलीच्या ज्या मोठ्या रुग्णालयात मी शिकलो तिथे सगळे त्यांना वझेबाई म्हणत. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, पायांत शिवून शिवून वापरलेल्या कोल्हापुरी चपला. आणि डाव्या हातातल्या दोन काचेच्या बांगड्यांत अडकवलेला सेफ्टी पिनांचा झुबका.

आमच्याकडच्या बायका मंगळसूत्रात नाहीतर बांगडीत एखाददुसरी पिन अडकवून ठेवतातच. पदर सुटला, चपलेचा अंगठा तुटला, की उपयोगी पडते. बाईंच्या बांगड्यांत मात्र वीस-पंचवीस पिना असत. राउंडला निघाल्या की त्यांची बारीक किणकिण बाईंच्या आधी वॉर्डात शिरायची आणि पेशंट सावरून बसायचे. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात कातडीला कुठे टोचलेलं कळतं आणि कुठे कळत नाही, हे पाहावं लागतं. त्यासाठी या पिना. रोज सकाळी बाई स्वतः त्या स्पिरिटनं पुसायच्या. एकाला टोचलेली पिन दुसऱ्याला कधीच टोचायची नाही. तपासून झालं की ती त्याच पेशंटच्या उशीच्या अभ्र्याला लावून टाकायच्या. म्हणायच्या, "ही तुमची. उद्या हिनंच टोचणार. हरवलीत तर माझ्याशी गाठ आहे."

मी आष्ट्याजवळच्या एका गावचा. वडील गावच्या पाणीपुरवठा संस्थेत नदीवरचा पंप चालवायचे. आमच्या घरात दहावी पास झालेला मीच पहिला, त्यामुळे डॉक्टरकीला माझा नंबर लागला तेव्हा वडिलांना ती बातमी खरी वाटायलाच दोन दिवस लागले. बारावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीत. वैद्यकीय महाविद्यालयात पहिली दोन वर्षं मी मागच्या बाकावर बसून, कोणी इंग्रजीत प्रश्न विचारू नये अशी प्रार्थना करत काढली.

बाईंच्या वॉर्डात माझा पहिला दिवस होता. एका म्हाताऱ्या पेशंटला त्यांनी खोलीभर चालायला लावलं आणि नेमकं माझ्याकडे बोट केलं. याच्या चालण्याचं वर्णन कर. मी इंग्रजीत दोन शब्द बोललो आणि तिसऱ्याला अडलो. मुलं हसायला लागली.

"मराठीत सांग," बाई म्हणाल्या. "पेशंट काही इंग्रजीत लंगडत नाहीये."

मी म्हणालो, "बाई, भातलावणीच्या चिखलातून चालल्यासारखं चालतायत. पाय उचलत नाहीत, ओढतायत. आणि गुडघा वाकतच नाहीये."

बाई इतरांकडे वळून म्हणाल्या, "ऐका. याला पेशंट दिसला. तुम्हाला पुस्तकाचं पान दिसत होतं. काय नाव तुझं? खोत? खोत, इंग्रजी वर्षभरात येईल. डोळे उघडे ठेव."

त्या एका वाक्यावर मी पुढची तीन वर्षं काढली, असं म्हटलं तरी चालेल.

बाई वाईच्या. मुंबईला मेंदूविकाराचं शिक्षण घेऊन, तिथं राहायचं सोडून त्या सांगलीला आल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. मुंबई का सोडली असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "तिथे मशिनं चांगली आहेत, इथे पेशंट चांगले आहेत." तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला, मज्जारज्जूचा फोटो काढणारं एम.आर.आय.चं मशीन आमच्यापासून सर्वांत जवळ पुण्यालाच होतं. पाठीच्या कण्यात काय चाललंय ते आमच्याकडे बाईंची बोटं सांगायची. एक पिन, एक छोटी हातोडी, थंड पाण्यात बुडवलेला धातूचा चिमटा. इतक्याच साधनांवर त्या अमुक मणक्यापाशी बिघाड आहे असं सांगायच्या, आणि पुढे ऑपरेशनमध्ये तिथंच गाठ निघायची. आम्ही थक्क व्हायचो. त्यांना आमच्या थक्क होण्याचाच राग यायचा. "यात जादू काय आहे? सगळं अंगावर लिहिलेलं आहे. तुम्ही दोन ओळी वाचून वही मिटता." मला तर खास टोमणा असायचा, "खोत, ऊस बघायला गेलास तर बांधावरूनच परत येतोस का रे? आत शीर."

मी आत शिरलो नाही, त्याची ही गोष्ट आहे.

मी इंटर्न होतो. कारखान्याचा हंगाम चालू होता. सकाळी आठच्या सुमारास एका जीपमधून एक तरुण बाई आली, चौघांनी उचलून आणलेली. सुनंदा, वय तेवीस. तिची सासू हौसाबाई बरोबर होती, चांगली उंचनिंच, खणखणीत आवाजाची. घरचा ऊस, मुलगा सैन्यात. आजार काय ते सासूनंच सांगितलं.

"आवं डॉक्टर, ल्योक सुट्टी संपवून आयतवारी ड्यूटीवर गेला. मंगळवारी हिचं पाय गळालं. कालपासनं कापडात मुततीया. आमी काय येडं हाय व्हय? हिला माह्यारला जायचंय, दुसरं काय न्हाई. तिच्या बाला निरोप धाडलाय. म्हटलं घिऊन जा तुझी लेक, आन् परत धाडू नगं."

सुनंदा छताच्या पंख्याकडे बघत होती. मी पडदा ओढला, सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या. तेवढ्यात सुनंदा हळूच म्हणाली, "तुमी खोताचं तानाजीभाऊजी न्हवं? आमच्या चुलतसासूबाईंच्या गावचं?"

तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आणि माझा हात तिथंच थांबला.

आमच्या भागात नात्यातल्या सुनेच्या डोक्यावरचा पदरसुद्धा आमच्यासमोर ढळत नाही. भाऊजी म्हणणाऱ्या बाईला पोट उघडं करा, कुशीवर वळा, पाठ दाखवा, हे मला म्हणवेना. सिस्टर होत्या, पडदा होता, कोणतीच अडचण नव्हती. अडचण माझ्या मनात होती. मी साडीचे काठ गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावले, पायांची ताकद पाहिली, हातोडीनं ठोकून पाहिलं, पावलांना आणि नडग्यांना पिन टोचली. पायांत जोर जवळजवळ नव्हता. टोचलेलं अर्धवट कळत होतं. तिथं मी थांबलो. केसपेपरवर मात्र सगळे रकाने भरलेले असावे लागतात. 'पोट व पाठ' या शब्दांपुढे मी लिहिलं, 'संवेदना नॉर्मल.'

या एका ओळीचा अर्थ काय होतो ते सांगायला हवं. मज्जारज्जूत एखाद्या ठिकाणी बिघाड झाला तर त्या पातळीखालचं सगळं अंग बधिर होतं आणि वरचं चांगलं राहतं. अंगावर जणू सीमा पडते. ती सीमा सापडली की बिघाड कण्यात आहे हे नक्की. माझ्या कागदानं सांगितलं की सीमा नाही. आमच्या रजिस्ट्रारनी, म्हणजे बाईंच्या हाताखालच्या वरिष्ठ डॉक्टरांनी, तो वाचला, नवऱ्याच्या सुट्टीची हकीकत ऐकली, आणि निदान लिहिलं हिस्टेरिया. म्हणजे मनाचा खेळ. दुपारी चार वाजता टॉनिक देऊन घरी सोडायचं ठरलं. तिचे वडील चारलाच पोचणार होते.

अकरा वाजता पिनांची किणकिण ऐकू आली.

बाईंनी केसपेपर वाचला. माझ्याकडे न बघता विचारलं, "पाठ पाहिलीस?"

"हो बाई," मी म्हणालो.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. सुनंदाचा हात हातात घेतला. "काय होतंय ग तुला?"

"पायात मुंग्या. उभं ऱ्हावत न्हाई."

"आणखी?"

सुनंदानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सासूकडे. आम्ही आठ-दहा जण खोळंबून उभे. बाई म्हणाल्या, "मला घाई नाही." आणि खरंच गप्प बसून राहिल्या. इतका वेळ की रजिस्ट्रारनी दोनदा पाय बदलले.

शेवटी सुनंदा पुटपुटली, "परकराची नाडी लय आवळल्यागत वाटतीया."

"मग सैल कर की!" हौसाबाई उसळल्या. "नाडी आवळली म्हणून दवाखान्यात कोण येतं व्हय गं?"

सगळे हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पडदा ओढायला लावला, रजिस्ट्रार, सिस्टर, हौसाबाई आणि मी एवढ्यांनाच आत ठेवलं, आणि स्वतःच्या हातानं नाडीची गाठ सोडली.

"आता?"

"हाय तशीच हाय की."

"कुठं आवळतंय, बोट ठेव बघू."

सुनंदानं बोट ठेवलं. नाडीचा वळ बेंबीच्या खाली होता. बोट बेंबीच्या वर चार बोटांवर होतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग बांगडीतून एक पिन काढली. सुनंदाला डोळे मिटायला सांगितले आणि पावलापासून वर टोचत निघाल्या. घाई नाही, उडी मारणं नाही, दोन-दोन बोटांच्या अंतरानं. "टोचतंय की बोथट?" "बोथट." मांडी. "बोथट." ओटीपोट. "बोथट." बेंबी. "बोथट." तिथून चार बोटं वर पिन गेली आणि सुनंदा ओरडली, "आई गं!"

मग डोळे उघडून म्हणाली, "हितं कुणी टोचलंच न्हवतं अजून."

रजिस्ट्रारनी मान वळवली. बाई जणू काही ऐकलंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, जांभळं औषध द्या आणि कापसाची काडी." जखमेला लावतात त्या जांभळ्या औषधात काडी बुडवून त्यांनी सुनंदाच्या पोटावर रेघ ओढली. मग तिला कुशीवर वळवून पाठीवर तशाच टोचत वर गेल्या. पाठीवरही तीच उंची. पुढची रेघ मागच्या रेघेला जाऊन मिळाली. कमरेच्या वर अंगाभोवती एक पूर्ण कडं. मला आजही ते दिसतं. एखाद्या शेताची हद्द मोजणीदारानं खुंट्या ठोकून दाखवावी, तशी त्या बाईच्या आजाराची हद्द आमच्यासमोर आखलेली होती.

बाईंनी तिच्या ओटीपोटावर बोटानं ठोकून पाहिलं. मूत्राशय तट्ट फुगलेलं होतं. लघवी अडून, भरून, थेंब थेंब बाहेर सांडत होती. तळव्याला चावीनं ओरखडलं तर पायाचा अंगठा वर उठला. "हा अंगठा कोणाला ठरवून असा वर करता येत नाही," त्या रजिस्ट्रारना म्हणाल्या. "नाटक असेल तर फार थोर नटी आहे."

रजिस्ट्रार चाचरत म्हणाले, "पण मॅडम, सकाळच्या तपासणीत..."

"बिघाडाची पातळी तासातासानं बदलू शकते. सकाळी मिळाली नसेल." एवढं म्हणून त्यांनी माझ्या ओळीच्या खाली स्वतःची ओळ लिहिली, वेळ घातली, सही केली. माझी ओळ तशीच राहू दिली.

पण त्या इतक्यावर थांबल्या नाहीत. मज्जारज्जूवर दाब आला तरी अशी सीमा पडते, आणि आमच्या भागात मणक्याचा क्षय पुष्कळ. दाब असेल तर ऑपरेशन, दाह असेल तर औषध. दोन्हींची वाट वेगळी. बाईंनी हौसाबाईंना विचारलं, "वर्षभरात हिला दुसरं काही झालं होतं? हात बधिर? एकाचे दोन दिसणं? डोळा?"

"डोळा व्हय? मार्गशीर्षात डावा डोळा धुरकटला व्हता. हालवला की दुखायचा बी. चुलीच्या धुरानं, दुसरं काय. मध घातला. म्हैनाभरात झाला की बरा."

बाई एकदम ताठ झाल्या. "हौसाबाई, तुमच्या पिशवीत कुंकवाची डबी आहे?"

आता हे काय, असं हौसाबाईंच्या चेहऱ्यावर होतं. पण डबी निघाली. बाईंनी ती उघडून सुनंदाच्या समोर धरली आणि तळहातानं तिचा डावा डोळा झाकला. "कुंकू कसं दिसतंय?"

"लालभडक."

आता उजवा डोळा झाकला. "आणि आता?"

सुनंदा बघत राहिली. "ह्ये... रंग इटून गेल्यागत दिसतंय. उनात ठिवल्यागत. सासूबाई, तुमी डबी बदलली का काय?"

डबी कोणी बदलली नव्हती. बरा झाला म्हणून सोडून दिलेल्या डोळ्याची नस अजून दुखावलेली होती, आणि तिला लाल रंग फिका दिसत होता. ज्या रोगानं दोन महिन्यांपूर्वी डोळ्याच्या नसेला सूज आणली तोच आता कण्यात उतरला होता. मी पुस्तकात हे वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण एका सासूच्या कुंकवाच्या डबीतून ते असं समोर येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"डोळा आणि पाठ," बाई हळू म्हणाल्या. "दोन्ही एकाच झाडाच्या फांद्या."

हौसाबाईंचा आवाज प्रथमच खाली आला. "म्हंजी नाटक न्हाई?"

"विहिरीवरच्या मोटरची केबल पाहिलीय ना तुम्ही? मोटर चांगली, स्टार्टर चांगला, पण मधेच केबलवरचं रबर सोलवटलं तर मोटर फिरेल?"

"कशी फिरंल?"

"तसं झालंय. आपल्या रक्तात राखणीला कुत्री असतात, बाहेरचा रोग आला की धावून जाणारी. हिच्या रक्तातली कुत्री घरच्याच केबलला चावतायत."

हौसाबाईंनी विचार केला. "मग कुत्री मारायची का?"

"मारायची नाहीत. घरच्या राखणीला लागतात ती. गप करायची."

चार वाजता सुनंदाचे वडील आले. त्यांच्याशी काय बोलायचं ते हौसाबाईंनी आम्हाला बोलू दिलं नाही. व्हरांड्यात त्यांना गाठून त्या म्हणाल्या, "पाव्हणं, चुकलं माझं. पोरगी खरी आजारी हाय. आता ती हितनं हालत न्हाई, आन् मी बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलोग्राम झाला. पाठीत सुई घालून कण्याभोवतीच्या पाण्यात क्ष-किरणांत दिसणारा द्रव सोडायचा आणि टेबल तिरकं करत तो वर सरकताना पडद्यावर बघायचा. दाब असेल तर द्रव तिथं अडतो. मी शिशाचा जड अंगरखा घालून बाईंच्या मागे उभा होतो. काळ्या पडद्यावर ती धार मणक्यामागून मणका वर चढत होती. रेघेच्या उंचीजवळ आली. धार न थबकता पुढे निघून गेली. बाईंच्या खांद्यांतला ताण सुटलेला मला पाठीमागूनही कळला. "वाट मोकळी आहे," त्या म्हणाल्या. त्याच सुईतून काढलेल्या पाण्यात क्षयाची लक्षणं नव्हती, दाहाच्या थोड्या पेशी होत्या. त्याच दुपारी शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस सुरू झाले.

आज या रोगाच्या निरनिराळ्या जातींना निरनिराळी नावं आहेत, रक्तात त्यांच्या खुणा शोधता येतात. तेव्हा आमच्याकडे रेघ होती. बाई रोज अकराला येत, अभ्र्याची पिन काढत, टोचत वर जात आणि नवी रेघ ओढून शेजारी तारीख घालत. दोन दिवस रेघ तिथंच होती. तिसऱ्या दिवशी दोन बोटं खाली आली. हौसाबाई तोवर वॉर्डातल्या सगळ्या बायकांना रेघेचा हिशोब समजावून सांगायला लागल्या होत्या. "काल हितं व्हती. आज बघा." पाचव्या दिवशी रेघ बेंबीखाली गेली, आणि बाई पिन अभ्र्याला लावत असताना सुनंदाच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. कोणी सांगितलं नव्हतं, ओरखडलं नव्हतं. तिनं तो स्वतः हलवला होता. "परत," बाई म्हणाल्या. तो परत हलला. हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला.

दीड महिन्यानं सुनंदा वॉकर धरून चालत घरी गेली. जाण्याआधी पुण्याला तिचा एम.आर.आय. झाला. मज्जारज्जूवरचा डाग छातीच्या सहाव्या मणक्याच्या मागे होता. बाईंनी पहिल्याच दिवशी केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: 'रेघ आठवी, मणका सहावा.' आठवी म्हणजे छातीच्या आठव्या नसेची पातळी. मज्जारज्जू कण्यापेक्षा आखूड असतो, त्यामुळे आतला बिघाड रेघेपेक्षा वरच्या मणक्यापाशी शोधायचा असतो. मी तो अहवाल घेऊन धावत बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "बरं झालं, मशीन माझ्याशी सहमत आहे. चहा घेतोस?"

माझ्या खोट्याबद्दल त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, नंतरही नाहीत. मी मात्र त्यांच्या मागे मागे राहिलो. त्या रागावतील याची वाट बघत होतो बहुधा. त्याऐवजी त्या मला प्रत्येक बाईपेशंटजवळ पुढे ढकलायच्या. "खोत, आधी नाव विचार. मग काय तपासणार ते सांग. मग का तपासणार ते सांग. मग तिला हो म्हणू दे. एवढं केलंस की तुझी लाज पण राहील आणि तिची पण." मी शिकलो. त्याला सहा महिने लागले.

पुढे मला सरकारी नोकरी लागली, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात. बाई निवृत्त होऊन वाईला गेल्या. खंबाटकी घाट ओलांडून तासाभरात त्यांच्याकडे पोचता यायचं. मी अवघड पेशंटांची वर्णनं घेऊन जायचो. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मी जे बघायला विसरलेलो असे नेमकं तेच विचारायच्या. दर वेळी. मला वाटायचं या बाईला भिंतीपलीकडचं दिसतं. घरून निघताना कबूल करायचं ठरवायचो आणि चहा पिऊन परत यायचो. तोंडानं ते शेवटपर्यंत जमलं नाही. बाई गेल्या त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. पण त्या असताना एकदा मी पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं, एवढं समाधान आहे. त्याचा कच्चा खर्डा माझ्याकडे राहिला. तो इथे देतो.

"ती. बाईंस,

सा. न. वि. वि.

आज ओपीडीत सुनंदा आली होती. तिच्या मिस्टरांची बदली पुण्याला झाली आहे, गावाकडून परत जाताना मुद्दाम थांबली. काठीशिवाय चालते, डावा पाय किंचित घासतो. बरोबर तीन वर्षांची मुलगी होती.

बोलता बोलता ती हसत म्हणाली, 'भाऊजी, त्या दिशी तुमी लाजला, म्हणून म्या बी गप बसले. म्हटलं, डॉक्टर जिथं बघत न्हाईत तिथलं सांगायचं नसंल.' ती सहज बोलली. मी त्यानंतर दोन पेशंट काय तपासले ते मला आठवत नाही.

बाई, त्या सकाळी मी तिचं पोट आणि पाठ तपासली नव्हती. न तपासता नॉर्मल लिहिलं. तुम्ही विचारलंत तेव्हा हो म्हणालो. तुम्हाला हे त्याच वेळी कळलं होतं हे मला माहीत आहे, तरीही मला ते माझ्या हातानं लिहून तुम्हाला पाठवायचं होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या लाजेमुळे फक्त माझी तपासणी अपुरी राहिली. तिचं तोंडही मीच बंद केलं होतं, हे मला आज कळलं. त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर ती चार वाजता माहेरी गेली असती.

तिला पंधरा दिवसांपासून पुन्हा हाताला मुंग्या येतात, म्हणून आज तपासलं. आधी तिला विचारलं, काय बघणार ते सांगितलं, सिस्टर होत्या. हातापायांची ताकद ठीक. पोट आणि पाठ पूर्ण तपासली, सीमा नाही. मान वाकवली की पाठीतून करंट जातो म्हणते. लघवीची तक्रार नाही. डाव्या डोळ्याला लाल रंग अजून फिका दिसतो. बिघाड या वेळी मानेत असावा असं मला वाटतं. तिला उद्याच पुण्याला पाठवतो आहे, सोबतच्या चिठ्ठीत हे सगळं लिहिलं आहे. माझं काही चुकत असेल तर कृपा करून लगेच कळवावं.

डोळ्याचा पडदा बघायचं आमच्याकडचं यंत्र बिघडलेलं आहे. त्यामुळे त्या रकान्यात मी 'पाहिला नाही' असं लिहिलं आहे.

आपला विद्यार्थी,
तानाजी खोत"